कुकरची तिसरी शिट्टी

कापली! कुकरची शिट्टी कापली मी. अख्खी, सुरुवातीच्या फुसफुशीपासून शेवटच्या सुस्काऱ्यापर्यंत, आणि मागे साधा ओरखडासुद्धा नाही. रात्रीचे पावणेदोन वाजलेत, घरात सगळे गाढ झोपलेत, कुणाला उठवून ऐकवायची सोय नाही. म्हणून हेडफोन गळ्यात तसाच ठेवून हे लिहायला बसलोय.

एका शिट्टीचं एवढं कौतुक कशाला, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. मला जन्मापासून दिसत नाही. शाळा-कॉलेज पार पडलं ते लोकांनी वाचून टेप केलेल्या पुस्तकांवर. वाचून देणारी माणसं देवमाणसं, पण ती बसायची आपापल्या घरात, खिडक्या उघड्या टाकून. त्यामुळे माझा सगळा अभ्यास पार्श्वसंगीतासकट झालाय. माझ्या पानिपतावर ऐन रणधुमाळीत भंगारवाला येऊन जातो. समाजशास्त्राच्या दुसऱ्या प्रकरणात वाचणाऱ्या बाई ‘अगं बाई, दूध!’ म्हणून उठतात, त्या कॅसेट उलटल्यावरच परत भेटतात. बी.ए.च्या तोंडी परीक्षेत एक व्याख्या घडाघडा म्हणताना मी मध्येच ‘थांबा हं, परत वाचते’ असं म्हणून मोकळा झालो होतो. पाठ झालं होतं ते तसंच झालं होतं, त्याला मी काय करणार?

१८७८ साली एडिसनने आपल्या फोनोग्राफचे काय काय उपयोग होतील याची यादी छापली होती. पत्रं तोंडी सांगून उतरवण्याच्या खालोखाल त्याने नंबर लावला होता तो अंधांसाठी बोलत्या पुस्तकांचा. त्यांनी नुसतं बसावं, काही कष्ट न घेता पुस्तक कानात यावं, असा त्याचा हिशोब. हेतू चांगलाच म्हणायचा. आणि खरं सांगतो, पंचेचाळीस वर्षं मी तसाच बसलो होतो. भंगारवाला आला की तो जाईपर्यंत थांबायचं, एवढंच माझ्या हातात.

महिन्याभरापूर्वी नाशिकच्या मित्राशी फोनवर बोलत होतो. वसतिगृहातला जुना दोस्त, तोही माझ्यासारखाच न पाहणारा. डोंबिवलीच्या एक ताई आम्हा चार-पाच जणांसाठी मोबाइलवर पुस्तकं वाचून पाठवतात. आवाज काय गोड, वाचन काय सुरेख, पण चौथ्या प्रकरणात कुकर! मी आपला कुरकुरत होतो.

‘‘मग काप की,’’ तो म्हणाला.

‘‘काप म्हणजे?’’

‘‘काप म्हणजे काप. एडिट कर. रडतोस काय बायकांसारखा? तुझ्या डोंबिवलीच्या ताई बघ, रडत बसल्यात का? वाचतात, पाठवतात.’’

मला वाटलं थट्टा करतोय. आवाजाचं संपादन म्हणजे पडद्यावर रंगीत लाटा, त्यावर माउस फिरवून नेमक्या जागी कात्री लावायची, हे डोळस पोरांकडून इतकं ऐकलं होतं की आपल्यासाठी ते दार नाहीच, असं मी धरून चाललो होतो. आणि हा पठ्ठ्या चार वर्षं क्लासवाल्यांची व्याख्यानं साफ करून त्यावर घरखर्चाला हातभार लावत होता. कधी बोलला नाही. का नाही बोललास विचारलं, तर म्हणे, तू कधी विचारलंस?

त्याच रात्री ऑडॅसिटी उतरवून घेतलं. २००० सालापासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं. संगणक बोलता करणारं एनव्हीडीए माझ्याकडे होतंच. तेही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, म्हणून माझ्यासारख्या बँकेतल्या टेलिफोन ऑपरेटरला पदराला खार न लावता संगणक वापरता येतोय. म्हणजे सामान सगळं घरात होतं. नुसती चूल पेटवायची बाकी होती.

आणि चूल तीन दिवस पेटेना! स्पेसबार दाबला की ताई वाचायला लागायच्या. शिट्टी आली की पुन्हा स्पेसबार, थांबल्या. आता इथे कापायचं म्हणून बघतो तर मी परत प्रकरणाच्या सुरुवातीला. पुन्हा वाजवा, पुन्हा थांबवा, पुन्हा सुरुवात. सापशिडीत शेवटच्या घरात साप असावा तसं. तिसऱ्या रात्री वैतागून मित्राला फोन केला, तर तो हसून हसून खोकायला लागला. ‘‘अरे, स्पेसने नाही, एक्सने थांबव!’’

एक्स! नुसता एक्स. स्पेसने थांबवलं तर कर्सर जिथून निघाला तिथेच परत जातो. एक्सने थांबवलं तर जिथे थांबलात तिथेच उभा राहतो. एका अक्षराचा फरक, पण तो कळला आणि मला त्या आवाजात उभं राहायला जागा मिळाली. आतापर्यंत आवाज म्हणजे धावती गाडी, आपण खिडकीशी बसलेलो. आता मी उतरलो होतो आणि रुळांवरून चालत होतो.

मग दारं एकामागून एक उघडत गेली. ताई वाचत असताना शिट्टी सुरू झाली की डावा चौकोनी कंस दाबायचा, संपली की उजवा. मधला भाग निवडला गेला. आणि मग सी. सी दाबलं की काय होतं ऐका: निवडलेला भाग वगळून त्याच्या आधीची दोन सेकंदं आणि नंतरचं एक सेकंद वाजतं. म्हणजे कापल्यावर कसं वाटेल ते कापायच्या आधीच कळतं! शिंप्याने कापड न फाडता सदरा अंगावर चढवून दाखवावा तसलं हे. नाही जमलं तर शिफ्ट आणि बाणाने कड थोडी सरकवायची, पुन्हा सी. थोडी सरकवायची, पुन्हा सी. पहिल्या दिवशी मी एका खोकल्यावर चाळीस वेळा सी दाबलं असेल. खोकला गेला तेव्हा घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून आलो.

आता गंमत सांगतो ती झूमची. झूम हा शब्द मी आयुष्यभर कानाआड केलेला, तो चष्मेवाल्यांचा प्रांत. आणि इथे तो मलाच लागतो! कारण बाणाची कळ एकदा दाबली की कर्सर पडद्यावरचा एक ठिपका पुढे जातो. सगळं प्रकरण पडद्यावर मावलेलं असेल तर त्या एका ठिपक्यात अख्खं वाक्य गडप. कंट्रोल-एक दाबून झूम वाढवत जा, तसं पाऊल लहान लहान होत जातं. आधी शब्दाएवढं, मग अक्षराएवढं, मग अक्षराच्या पोटात शिरण्याएवढं. जो पडदा मी पाहत नाही तो मी मोठा करतोय, आणि तो मोठा झाला की माझी पावलं बारीक होतात. हे कळलं तेव्हा मी बायकोला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बरं. दूध आणलंत का?’’

अक्षराच्या पोटात! तिथे काय काय असतं हो! पन्नास वर्षं मराठी बोलतोय, पण ‘कपाट’ म्हणताना ‘प’च्या आधी ओठ मिटून क्षणभर सगळं चिडीचूप होतं, हे मला या तीन आठवड्यांत कळलं. सेकंदाचा दहावा भागही नसेल, पण जागा आहे. क, ट, त, प यांच्या दारात अशी एक निमूट फट असते, तिथे कात्री घातली की कुणाच्या बापाला कळत नाही. ‘स’ आणि ‘श’ मात्र वाईट. ते नुसते वाहत असतात, मध्ये कापलं की फाटल्यासारखे वाजतात. ‘म’ आणि ‘न’ गुणगुणत राहतात, त्यांना हात न लावलेला बरा. परवा बसमध्ये शेजारचा माणूस मोबाइलवर तावातावाने भांडत होता आणि मी मनातल्या मनात त्याला ‘तुझं तुझ्यापाशी ठेव’मधल्या कुठल्या ‘त’वर कापता येईल ते मोजत होतो.

आणि श्वास. सुरुवातीला मला वाटलं, श्वास म्हणजे कचरा. एक पान भरून श्वास काढून टाकले. ऐकलं तर ताई पाण्याखाली वाचत होत्या! माझीच छाती भरून आली. सगळे परत घेतले. कंट्रोल-झेड ही कळ ज्याने बनवली त्याचं भलं होवो. आता मी श्वासाच्या आधी कापतो. चुकलेलं वाक्य त्याच्या श्वासासकट उचलायचं, म्हणजे दुरुस्त केलेलं वाक्य आपला श्वास घेऊन अलगद त्याच्या जागी बसतं.

शांततेनेही मला असंच फसवलं. दोन परिच्छेदांच्या मध्ये एक खुर्ची सरकल्याचा आवाज होता. तेवढ्या भागावर निखळ शांतता भरून टाकली, झालं काम. वाजवलं तर काय, तिथे ताईंचा पंखाच बंद! खोलीतला पंखा, लांबची रहदारी, मोबाइलची बारीक सळसळ, हे सगळं वाचनाखाली अखंड चाललेलं असतं, आणि मी त्याला भोक पाडलं होतं. मित्राने उपाय सांगितला: त्याच फाइलमध्ये ताई गप्प आहेत अशी जागा शोध, तिथला नुसता पंखा उचल आणि खुर्चीवर चिकटव. म्हणजे शांततेला शांततेचंच ठिगळ. मी आता प्रत्येक प्रकरणातून दोन-तीन सेकंदांचा चांगला पंखा आधी बाजूला काढून ठेवतो, आपण चिल्लर ठेवतो तसा.

हे सगळं ज्यांना सांगावं असे आमच्या गल्लीत एकच गृहस्थ, आकाशवाणीतून निवृत्त झालेले आबा. वय ऐंशीच्या पुढे. मी उत्साहाने सांगत सुटलो, लाटा न बघता, नुसत्या कानाने कापतो वगैरे. आबा शांतपणे म्हणाले, ‘‘मग आम्ही काय बघून कापत होतो?’’

मी गप्पच. आबा बोलायला लागले. त्यांच्या वेळी पडदा कसला नि लाटा कसल्या. मोठ्या रिळावर पाव इंची फीत, ती सेकंदाला साडेसात इंच पळायची. चुकलेला शब्द गाठायचा तर दोन्ही रिळं दोन हातांनी धरून फीत मागेपुढे घासायची. शब्द ‘व्वाँव व्वाँव’ करत जाड-बारीक व्हायचा आणि त्यातून त्याचं तोंड नेमकं कुठे आहे ते कानाने हेरायचं. मग पेन्सिलची खूण, खाचेत फीत बसवून ब्लेडने तिरका काप, मागून चिकटपट्टी. तिरका का, तर जोड एकदम न येता एका आवाजातून दुसऱ्यात सरकावा म्हणून. आबांनी माझा पंजा टेबलावर पसरवला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोट फिरवून म्हणाले, ‘‘यापेक्षा थोडंसंच कमी. हा एक सेकंद.’’

वीतभर सेकंद! मला सेकंद हाताला लागला त्या दिवशी. श्वास म्हणजे चार बोटं. ‘प’च्या आधीची फट म्हणजे नखाएवढी. तेव्हापासून कळ दाबताना मला फीत दिसते. म्हणजे तुम्ही ज्याला दिसणं म्हणता तसलं काहीतरी होतं.

अडचणी नाहीत असं नाही. सगळ्यात मोठी म्हणजे कानात दोन माणसं बोलतात. एकीकडे ताई वाचतायत ‘आईने दार उघडलं आणि’ तोच एनव्हीडीए मध्ये तोंड घालतं, ‘सिलेक्टेड’. माझ्या यंत्राला चमच्यातला च आणि चारमधला च यांतला फरक कळत नाही, दोघांना एकाच काठीने हाकतं. ताईंच्या सुरेल मराठीवर ती यंत्रवाणी आदळली की माझ्याच कानांची मला दया येते. आणि मी स्वतः चार ओळींची प्रस्तावना वाचून जोडायला गेलो तो प्रसंग तर विचारूच नका. भक्तिभावाने वाचलं, ऐकलं, तर ‘नमस्कार, या पुस्तकाचे लेखक’ याच्या पाठोपाठ स्पीकरमधून खणखणीत ‘बॅटरी अठरा टक्के’. माइकने इमानदारीत तेही टिपलेलं. आता ध्वनिमुद्रणाआधी हेडफोन घालतो आणि इन्सर्ट-एस दाबून त्याची वाचा बंद करतो.

आवाजाची पातळी कळण्याचीही पंचाईत होती. तिथे एक नाचता दिवा असतो म्हणे, हिरवा-पिवळा-लाल. तो नाचताना यंत्र त्याच्याबरोबर बोलू शकत नाही. पण आवाज वाढवण्याचा जो अ‍ॅम्प्लिफाय नावाचा पर्याय आहे, तो उघडला की तिथे एक आकडा आधीच मांडलेला असतो: तुमचा सगळ्यात मोठा आवाज छताला टेकायला इतके डेसिबल बाकी. आकडा ४.२ निघाला, तर समजायचं की ताईंचं सर्वांत जोरात बोलणं छतापासून ४.२ डेसिबल खाली आहे. आकडा ऐकायचा आणि एस्केप दाबायचा. दुकानात शिरून भाव विचारावा आणि काही न घेता बाहेर पडावं, तसं.

आठवीतली पुतणी एकदा शेजारी येऊन बसली. तिला लाटा दिसतात. ‘‘काका, इथे केवढा मोठा डोंगर आहे, तोच कुकर!’’ ऐकलं तर तो ताईंचा ‘छे!’ होता, नायिकेच्या तोंडचा, चांगला ठसक्यात म्हटलेला. मी मिशीत हसलो. पण दोन दिवसांनी तिनेच म्हटलं, ‘‘काका, शेवटी ही नुसती सरळ रेघ का आहे?’’ चौदा मिनिटं! प्रकरण संपल्यावर ताई मोबाइल बंद करायला विसरल्या होत्या आणि मी ‘समाप्त’ ऐकून समाधानाने उठलो होतो. माझं हसू मी मुकाट्याने परत घेतलं.

आता मित्र म्हणतो, ऑडॅसिटी झालं, रीपरवर ये. आपण ज्यावर गाणी ऐकायचो त्या विनॅम्पचा कर्ता जस्टिन फ्रँकेल, त्याचं हे काम. ६० दिवस फुकट वापरून बघा, मग घरगुती परवाना ६० डॉलरला. त्याला बोलतं करणारी जोड फुकट आहे आणि तिचं नाव ओसारा! ऐकलं आणि मला आमच्या जुन्या वाड्याची ओसरीच आठवली. ती लिहिली जेम्स टे याने, एनव्हीडीएच्या उभारणीत करनच्या जोडीला असलेल्या ऑस्ट्रेलियन अंध प्रोग्रामरने. म्हणजे ज्याला ठेच लागली त्यानेच दगड उचललाय. कालच बसवून पाहिली. खाली-वर बाण दाबला की ट्रॅकचं नाव सांगते, एस दाबला की तिथे तुकडा पाडते आणि पाडल्याचंही सांगते. एक तुकडा काढला की मागचे सगळे आपोआप पुढे सरकून जागा भरतात, अशीही सोय आहे. रांगेतला एक माणूस गेला की सगळे पुढे होतात तशी. माझा त्यात अजून जीव बसलेला नाही, पण बोटं शिवशिवतायत.

हां, आणि पहिली कमाई! बँकेतल्या एका साहेबांच्या मुलीने अकरावीच्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड केले होते, त्यातली ‘अं… म्हणजे… अं’ काढून दिली. पाचशे रुपये. मी नको म्हणत होतो, तसा फार जोर लावून नाही. माझ्या टेबलावरचा फोन हल्ली दिवसातून सात-आठ वेळा वाजतो, जो तो मोबाइलवर परभारे बोलून घेतो. बावीस वर्षं कान विकून पगार घेतला आणि अलीकडे त्या कानांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पाचशेची नोट चाचपून बघताना तिच्या कडेच्या तिरक्या रेघा जरा जास्तच वेळ चाचपल्या, हे कबूल करतो.

तर आजची गोष्ट. चौथ्या प्रकरणात दोन शिट्ट्या. पहिली परिच्छेदांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती, ती सोमवारीच गेली. दुसरी नेमकी वाक्याच्या मध्ये. शिट्टी ऐकून ताई थबकल्या, मग वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, पण या वेळी जरा वरच्या पट्टीत. जोडलं की दोन बायका बोलल्यासारखं वाजायचं. तीन रात्री गेल्या. आज साडेबाराला लक्षात आलं, की पहिल्या खेपेचे शेवटचे दोन शब्द आणि दुसऱ्या खेपेचा पुढचा भाग यांच्यामध्ये ‘पण’ आहे, आणि ‘पण’च्या आधी नखाएवढी फट आहे, आणि माणूस ‘पण’ म्हणताना पट्टी बदलतोच! तिथे कापलं. सी. पंख्याचं अर्ध्या सेकंदाचं ठिगळ लावलं. सी. आणि ताई एका दमात, एका आवाजात, कुकरबिकर काही नसल्यासारख्या वाचत गेल्या.

राहवलं नाही म्हणून ताईंना मेसेज टाकून ठेवला: दोन्ही शिट्ट्या काढल्या! सकाळी वाचतील म्हटलं, तर त्याही जाग्याच. पाचव्या मिनिटाला फोन. भरभरून कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, ‘‘पण दोनच कशा? मी डाळीला तीन घेते.’’

माझ्या पोटात गोळा. तिसरी राहिली? संपूर्ण प्रकरण मी निदान वीस वेळा ऐकलंय!

‘‘अहो नाही, आठवलं,’’ ताई म्हणाल्या, ‘‘तिसरीच्या वेळी मी मोबाइल थांबवून गॅस बंद करायला गेले होते. आले नि तिथूनच पुढे वाचलं.’’

म्हणजे त्या प्रकरणात कुठेतरी ताईंनी स्वतः घातलेला एक जोड आहे, आणि वीस वेळा ऐकून तो मला सापडलेला नाही. उद्या शनिवार, बँकेला सुट्टी. हेडफोन पुन्हा चढवलाय, चौथं प्रकरण, सुरुवातीपासून.